लाल चेहरा आणि जांभळा दिवा

नागपूरच्या प्रताप नगरमध्ये माझ्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवर त्वचेच्या दवाखान्याचा एक नवा फलक लागला आहे. त्यावर एका तरुणीचा अर्धा चेहरा लाल आणि अर्धा स्वच्छ दाखवला आहे. खाली मजकूर असा : लेझर उपचार, लाली कायमची दूर, कोणताही अपाय नाही. काही दिवस मी तो वाचत पुढे गेलो. मग एका सकाळी पायऱ्या चढून आत गेलो.

"आजोबा, अपॉइंटमेंट आहे का?" टेबलामागच्या मुलीने विचारले.

"नाही. प्रश्न आहेत."

ती आत जाऊन आली. डॉक्टर तरुण होता आणि, हे लिहिलेच पाहिजे, तो खोटे बोलला नाही. लेझरचा उजेड कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांवर काम करतो, असे त्याने सांगितले. लाली बऱ्याच जणांची कमी होते, सगळ्यांची नाही. पुटकुळ्यांवर त्याचा तेवढा उपयोग नाही. बैठका अनेक लागतात आणि काही काळाने लाली परतू शकते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर जोर अधिक झाला तर ती भाजते, डाग पडतात. म्हणून आधी लहानशा भागावर करून पाहायचे, डोळे नीट झाकायचे आणि नंतर उन्हापासून जपायचे.

"मग फलकावर कोणताही अपाय नाही असे का लिहिले?"

"फलक एजन्सीवाल्यांनी केला, सर. एवढं सगळं मावत नाही ना त्यावर."

मी आभार मानून खाली उतरलो. एका वाक्यापुरती जागा होती आणि तीत खोटे तेवढे मावले. माझा राग या मुलावर नाही. विचारल्यावर त्याने सांगितले, हे थोडे नव्हे. माझा राग जुना आहे. ज्या दिव्यावर तो आहे तो दिवा आणि आजचे लेझर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हेही मला ठाऊक आहे. पण ते वाक्य मी पूर्वी ऐकलेले होते, आणि ते ज्याच्या चेहऱ्यावर खरे करून दाखवायचे ठरले होते तो माझा थोरला भाऊ होता.

भाऊ नागपूरच्या एका कापड गिरणीत बॉयलरवर होता. काम जोखमीचे. भट्टीत कोळसा किती, पाण्याची पातळी कुठे, वाफेचा दाब किती, यावर पाळीभर नजर ठेवायची; चूक झाली तर ती एकट्याला भोवत नाही. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते. ती देऊन त्याने परवाना मिळवला होता. आमच्या घरात परीक्षा देऊन काही मिळवणारा तो पहिला. मी पुढे शिकून शिक्षक झालो तो त्याच्या आधारावर, आणि तो मला आयुष्यभर नावाने हाक न मारता 'मास्तर' म्हणत आला, त्यात थोडी थट्टा असे आणि थोडा मान.

छप्पन्न साली नागपुरात आमच्या वडिलांनी आम्हा दोघांना बरोबर घेऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी ज्या प्रतिज्ञा उच्चारल्या त्यांत दारू न पिण्याची एक होती. वडील तोवर पीत असत. त्या दिवसानंतर प्यायले नाहीत. शेवटच्या आजारातही औषध म्हणून कोणी ब्रँडी सुचवली तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. भावाने तर कधी चवही घेतली नव्हती. हे मी गौरवासाठी लिहीत नाही. पुढे जे झाले ते कळावे म्हणून लिहितो.

सत्तरचे दशक संपत आले होते आणि भावाने चाळिशी ओलांडली होती, तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग बदलू लागला. गाल आणि नाक घासलेल्या तांब्यासारखे दिसू लागले. त्यावर बारीक पुटकुळ्या येत. आधी भट्टीसमोरून हटले की तासाभरात रंग उतरे. मग तो उतरेनासा झाला. गरम चहा प्यायला, मिरची खाल्ली, वैशाखाच्या उन्हात सायकल चालवली की चेहरा पेटे. नाकाची कातडी जाड होऊ लागली. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचे आणि ते लाल दिसत.

गिरणीत नवा इंजिनिअर आला होता. बॉयलरघर त्याच्या अखत्यारीत. एका सकाळी त्याने सगळ्यांसमोर भावाला थांबवले.

"डोळे बघ तुझे. किती घेतलीस?"

"साहेब, मी घेत नाही."

"तुमच्या वस्तीत न घेणारा मला अजून भेटायचा आहे."

बॉयलरघरात त्या वेळी भट्टीत कोळसा टाकणारे फायरमन होते, फिटर होते. इंजिनिअरने निकाल तिथेच सांगितला : महिन्याभरात चेहरा नीट करून दाखव, नाहीतर बॉयलर सोड, प्यालेल्या माणसाच्या हाती मी वाफ देणार नाही. आणि तोवर रोज फाटकावर जमादाराने भावाच्या तोंडाचा वास घ्यायचा. पाळीवर जाणाऱ्यांची रांग लागे. रांग सगळ्यांची, वास एकट्याचा.

जमादाराला वास कधीच आला नाही. तो तसे प्रामाणिकपणे सांगेही. त्याने काही फरक पडला नाही. ज्याला चेहऱ्यावर दारू दिसत होती त्याला नाकाची साक्ष नको होती.

त्या संध्याकाळी मी नंदनवन वस्तीतल्या माझ्या खोलीवरून भावाकडे गेलो. तो चटईवर बसला होता आणि वहिनी चुलीपाशी होती. तिचा आवाज मला गल्लीतूनच ऐकू आला.

"तुमी त्याले काहून नाई सांगतलं, का माह्या घरी बाटली आली तं माही बायको बाटलीसंगं मलेही बाहेर फेकीन म्हून?"

"त्याले तुह्या नावानं भेव दाखवू काय वं?"

"दाखवा नं. तुमचं भेव तं कोणी घेऊन नाई राहिलं."

भाऊ हसला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "मास्तर, चेहरा नीट झाला पाहिजेन गा. तो म्हणते म्हून नाई. पण त्याच्या हाती हेच एक हाये. हे काढून घेतलं का मंग त्याच्यापाशी काय उरते?"

मला त्याचे म्हणणे पटले. आजार आहे, आजाराला डॉक्टर आहे, डॉक्टर तो बरा करील आणि आरोप आपोआप गळेल, असे आम्ही धरून चाललो. शिकलेल्या माणसांवर आमच्या घरचा विश्वास मोठा होता.

सीताबर्डीवर एका दुकानाच्या माडीवर एक डॉक्टर 'प्रकाशोपचार' करीत असे. गिरणीतल्या एका फिटरच्या मुलीचे मुरूम तिथे गेले होते, म्हणून भाऊ तिथे गेला. पहिल्या खेपेला तो एकटाच गेला आणि नंतर त्याने मला जे सांगितले ते असे. डॉक्टरने त्याला दारातच उभे करून दुरून पाहिले आणि 'मुरूम' असे निदान केले. चेहऱ्याला हात लावला नाही. काम काय करता, उन्हात वा आगीपाशी असता का, डोळे दुखतात का, आणखी काही लावता का, यातले काही विचारले नाही. एकच विचारले : तुम्हाला कोणी पाठवले? मग म्हणाला, विलायती मशीन आहे, औषध नाही, सुई नाही, नुसता उजेड, कायमचे जाईल, अपाय काहीच नाही.

पहिल्या बैठकीनंतर चेहऱ्याचे पापुद्रे निघाले. जुनी कातडी जाते आहे, हे चांगले लक्षण आहे, असे सांगण्यात आले.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढे तिचाच आधार घेऊन एका बाईला दोषी ठरवण्यात आले. वहिनीचे माहेर काटोलकडचे. संत्र्यांचा बहर आला की तिचा भाऊ एस.टी.ने टोपली घेऊन येई. आमच्याकडे संत्र्याची साल कोणी तशीच टाकत नाही. सोललेली ताजी साल चेहऱ्याजवळ धरून अंगठ्याने दुमडली की तिच्यातून बारीक फवारा उडतो. तो चेहऱ्यावर घ्यायचा, झोंबला तरी हाताने चोळायचा. कातडी तुकतुकीत होते असे सगळ्या बाया सांगतात. मुले एकमेकांच्या डोळ्यांत तो फवारा मारून मार खातात. थंडीच्या दिवसांत नागपूरच्या निम्म्या घरांत हे चाललेले असते.

दुसऱ्या बैठकीच्या सकाळी मी भावाला न्यायला गेलो तेव्हा तो पाटावर बसला होता आणि वहिनी त्याच्या तोंडाला साल चोळत होती.

"लाईटीच्या आंधी थोडं मुरू द्या. म्हंजे लाईट आतपर्यंत जाईन."

"मले डॉक्टरकडे पाठवून राहिली का संत्र्याची बर्फी करून राहिली तू?"

"बर्फी गोड राह्यते. चूप बसा, डोयात जाईन."

तिचा तर्क हा होता, आणि ज्या घरात तेल लावून उन्हात बसतात, हळद लावून अंघोळ घालतात, त्या घरात तो वेडा नव्हता. त्याला अडवणारा एक प्रश्न पुरेसा होता. तो विचारणे ज्याचे काम होते तो सीताबर्डीवर बसला होता.

आम्ही माडीवर गेलो. भावाला लाकडी बाकावर निजवले. दिवा वाकवता येणाऱ्या लांब दांड्यावर होता. तो लावला तेव्हा जांभळा उजेड पडला आणि वीज कडाडल्यावर येतो तसा वास सुटला. डॉक्टरने स्वतःच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. भावाच्या डोळ्यांवर कापसाचे दोन ओले बोळे ठेवले. मग तो भावाच्या चेहऱ्यावर वाकला आणि हसून म्हणाला,

"वा, संत्र्यांचा मोसम."

हे मी माझ्या कानांनी ऐकले. त्याला वास आला होता. तो त्याला आवडलाही. चेहरा धुऊन या, असे तो म्हणाला नाही. काय लावले आहे, असे त्याने विचारले नाही. "आज थोडा जास्त वेळ देऊ," एवढे सांगून तो दिवा तसाच ठेवून बाहेरच्या खोलीत गेला आणि तिथल्या माणसाशी पतंगाच्या मांजाबद्दल बोलत राहिला. मी बाकाच्या पायथ्याशी उभा होतो. डाव्या डोळ्यावरचा बोळा घसरला तेव्हा भावाने तो स्वतःच चाचपून परत ठेवला.

संध्याकाळी चेहरा तापला. सकाळपर्यंत गालांवर आणि कपाळावर फोड आले आणि दोन्ही डोळे उघडेनात. डोळे काही दिवसांत उघडले. फोड सुकले. त्यांच्या जागी काळपट तपकिरी डाग राहिले, आणि गालावर ते लांबट होते, जशी बोटे फिरली होती तसे. त्यांच्या कडेने मूळची लाली पूर्वीपेक्षा गडद झाली होती.

तो पाळीवर परतला त्या दिवशी इंजिनिअरने त्याच्याकडे नीट पाहिले आणि शेजारच्या माणसाला सांगितले, "पिऊन भट्टीच्या दारावर पडलेला दिसतो." भावाला बॉयलरवरून काढून कोळशाच्या आवारात पाठवण्यात आले. चौकशी होईल, तोवर तिथे राहा. परवानाधारक माणूस टोपल्या मोजू लागला.

मी शाळेतून सुटून सीताबर्डीवर गेलो. वहिनी हट्टाने बरोबर आली. डॉक्टरने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तोंडाला काय लावलं होतं?"

हा प्रश्न त्याने तेव्हा विचारला.

वहिनीने सांगितले. त्याचा चेहरा उजळला. "मग मला काय विचारता? ही साल चोळायला कोणी सांगितली? तुम्ही लोक घरी नसते उद्योग करता आणि मशिनला दोष देता."

"तुम्हाला वास आला होता," मी म्हणालो. "तुम्ही बोलूनही दाखवलेत."

"मास्तर, मी डॉक्टर आहे. मी वासावरून निदान करत नाही."

"तुम्ही कशावरूनच केलेले नाही."

त्याने घंटी वाजवून पुढच्या रोग्याला बोलावले. जिना उतरताना वहिनी म्हणाली, "माह्याच हातानं झालं, भाऊजी." मी तिला सांगितले की तसे नाही. तिने ऐकले नाही. त्या हंगामात माहेरची टोपली आली ती तिने न उघडता शेजारी देऊन टाकली, आणि नवऱ्याच्या गालावर स्वतःच्या बोटांच्या रेघा ती रोज पाहत राहिली. त्या डॉक्टरवर माझा जो राग आहे त्याचा मोठा भाग याचा आहे. चेहरा बिघडवणे ही चूक म्हणता येईल. ती चूक एका अडाणी बाईच्या पदरात बांधून तिला जिन्यावरून खाली पाठवणे ही चूक नव्हे.

नंतर मी भावाला सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग विभागात नेले. वहिनीलाही नेले, ती नको म्हणत होती. तिथल्या डॉक्टरबाई वयस्क होत्या. बाहेर बाके भरलेली होती, तरी त्यांनी भावाला खिडकीपाशी उजेडात बसवले, भिंग घेतले आणि विचारायला सुरुवात केली. काम काय. आगीपासून किती अंतरावर. चेहरा कधी पेटतो. चहा कसा पिता. डोळे सकाळी कसे असतात. आजवर काय काय लावले. शेवटी म्हणाल्या,

"हे मुरूम नाहीत. मुरमांना काळी टोकं असतात, ती इथे एकही नाही. याला रोझेशिया म्हणतात. आमच्या पुस्तकांत याची सगळी चित्रं गोऱ्या चेहऱ्यांची असतात, म्हणून आपल्या माणसांत तो पटकन ओळखू येत नाही."

"बाई, हे दारूनं होते काय?" भावाने विचारले. त्याला दुसरे काही विचारायचेच नव्हते.

"पिणाऱ्याला होतो, न पिणाऱ्यालाही होतो. चेहरा पाहून कोणी दारू सांगत असेल तर सांगू दे. मी सांगणार नाही."

वहिनी पुढे सरकली आणि सालीचे तिने स्वतःच विचारले. बाईंनी भिंग खाली ठेवले. "सालीच्या रसावर तो उजेड पडला की कातडी जास्त भाजू शकते. थोडी भर पडली असेल. किती, ते मला सांगता येणार नाही. पण साल लावली नसती तरी या आजाराला तो दिवा द्यायचाच नव्हता. ऊन आणि उष्णता यांनीच हा वाढतो. यांना दोन्ही कामावर मिळत होतं, तिथे आणखी ऊन विकत दिलं. त्यात तुमचा दोष नाही, बाई."

वहिनीने पदराने तोंड पुसले आणि बाकावर जाऊन बसली.

उजेडानेच उपचार होतो असे आम्ही ऐकले होते, ते सगळे खोटेच का, असे मी विचारले. "सगळं खोटं नाही," त्या म्हणाल्या. "काही रोगांना तो दिवा चालतो. आणि परदेशात लेझर नावाचा वेगळा उजेड आहे, त्यानं फुगलेल्या रक्तवाहिन्या बंद करून पाहताहेत. मी त्याबद्दल वाचलंय, पाहिलेलं नाही. आपल्या कातडीवर तो काय करतो ते पाहिल्याशिवाय मी कोणाला जा म्हणणार नाही." नागपुरात एवढ्या दिवसांत 'मला माहीत नाही' अशा अर्थाचे बोलणे आम्ही प्रथमच ऐकत होतो.

त्यांनी कॅप्सूल दिल्या, डोळ्यांसाठी मलम दिले, छत्री वापरायला, चहा निववून प्यायला सांगितले. आणि म्हणाल्या, "भट्टी सोडा. औषध घेऊन परत आगीसमोर उभे राहिलात तर मी काही करू शकणार नाही."

"सोडतो," भाऊ म्हणाला. "पण आता नाई."

"का?"

"आता सोडली तं तो म्हणीन, पेत होता, धरला अन् पयाला. आंधी मले बॉयलरवर परत घेतलं पाहिजेन. मंग मी सोडीन."

"तोवर चेहरा आणखी बिघडेल."

"बिघडू द्या, बाई. चेहरा माह्या एकट्याचा हाये."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. शिक्षक आहे, समजावील, असे त्यांना वाटले असावे. मी समजावले नाही.

त्यांनी दिलेले प्रमाणपत्र घेऊन भाऊ मॅनेजरसमोर गेला. मी तिथे नव्हतो. त्याने रात्री जेवताना सांगितले. प्रमाणपत्रात आजाराचे नाव होते आणि भाजल्याचे कारण होते. इंजिनिअरने ते वाचून परत ठेवले आणि म्हणाला, ठीक, आजार असेल. पण बॉयलरचा मामला आहे, फाटकावर वास घेण्याचा नियम सुरक्षेसाठी तसाच राहील.

"मंग मी म्हटलं," भाऊ म्हणाला, "ठेवा नं. सुरक्षेचा नियम हाये तं चांगला हाये. पण वाफेले माहाच एकट्याचा हात नाई लागत. फायरमन हाये, फिटर हाये. सगळ्याईचा घ्या. तुमी बी बॉयलरघरात येता, तुमचाही घ्या."

"अन् तो काय म्हणे?" वहिनीने विचारले.

"त्यानं मॅनेजरकडे पाह्यलं. मॅनेजर हसला अन् म्हणे, रीझनेबल हाये."

दुसऱ्या दिवसापासून बॉयलर आणि इंजिन खात्याच्या प्रत्येक माणसाला फाटकावर तोंड उघडावे लागले. भावाचे यासाठी कोणी कौतुक केले नाही. उलट त्याचे मित्रच त्याच्यावर उखडले. "तुह्या नाकापायी आमाले तोंड वासा लागून राहिलं गा," असे एक म्हातारा फायरमन त्याला रोज ऐकवी. एका फिटरने मुद्दाम कच्चा लसूण आणि कांदा खाऊन यायला सुरुवात केली, तो जमादाराच्या अगदी तोंडाशी जाऊन 'हा' करी आणि विचारी, "काऊन जमादार, चढली काय?" मग इतरांनीही तेच धरले. जमादार नाकाला रुमाल बांधून उभा राहू लागला, आणि रुमाल बांधून वास कसा घेतोस म्हणून त्यावर नवी भांडणे झाली. भोंगा झाला तरी माणसे फाटकाबाहेर असत. इंजिनिअरची पाळी पहिल्या दिवशी आली तेव्हा जमादाराने खाली पाहत त्याला जाऊ दिले. रांगेतून आवाज आला, "वास राह्यला साहेबाचा." तो मागे फिरला आणि त्याने तोंड उघडले. ते रांगेने पाहिले.

हे फार दिवस चालणे शक्य नव्हते. वाफ उशिरा तयार झाली की साचे, म्हणजे कापडाचे माग, उशिरा चालतात. मॅनेजरने वास बंद केला आणि भावाला बॉयलरवर परत घ्यायचा हुकूम काढला.

भाऊ बॉयलरघरात गेला, पण त्याने व्हॉल्व्हला हात लावला नाही. आरोप करणारा तिथे येऊन बोलेपर्यंत तो हात मागे बांधून उभा राहिला. इंजिनिअरला बोलवावे लागले. त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर तो आला आणि त्याने इंग्रजीत एक वाक्य उच्चारले; या कामगाराविरुद्ध आपली काही तक्रार नाही, असा त्याचा अर्थ होता.

"साहेब," भाऊ म्हणाला, "त्या दिवशी तुमी मराठीत बोलले होते."

म्हाताऱ्या फायरमनने मला पुढे सांगितले की इंजिनिअरने आधी दाराकडे पाहिले. मग इंजिनिअर म्हणाला, "हा माणूस पीत नाही," आणि निघून गेला.

वस्तीबद्दलचे जे वाक्य होते ते त्याने मागे घेतले नाही. ते त्याच्याकडून कोणी मागितलेही नाही, आणि मागितले असते तर ते मिळाले नसते. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. माडीवरचा दिवाही पुढे बरीच वर्षे चालू होता. तिथून तोंडावर रुमाल धरून उतरणारी माणसे मी शाळेला जाताना पाहिली आहेत. दोघांपैकी कोणाचे काही बिघडले नाही.

भावाने ती पाळी पूर्ण केली. पुढेही काही दिवस तो भट्टीसमोर उभा राहिला, कोणी म्हणू नये म्हणून. चेहरा पुन्हा फुलला. मग त्याने स्वतःहून पंपघरात बदली मागितली. ती त्याला त्याच दिवशी मिळाली. अशा अर्जावर इतकी तत्पर सही त्या इंजिनिअरने दुसरी केली नसावी. पंपघराच्या कामाला परवाना लागत नाही. तिथे कोणीही चालतो.

औषध लागू पडले. डाग जायला दोन उन्हाळे लागले. लाली पुरती गेली नाही, पण ती आटोक्यात राहिली. नाक जाड झाले होते ते तसेच राहिले.

पंपघरातल्या पहिल्या आठवड्यात वहिनी डबा घेऊन गेली तेव्हा मी बरोबर होतो. हौदावरून गार वारा येत होता. तिने आत डोकावून पाहिले, भिंतीला हात लावून पाहिला.

"इथी बरं हाये," ती म्हणाली.

भावाने डबा उघडला. पोळीचा तुकडा मोडला आणि तो हातात धरून तो आवाराच्या पलीकडे, बॉयलरघराच्या धुराड्याकडे पाहत राहिला. धूर काळा येत होता. नव्या माणसाला आग नीट लावता येत नव्हती.

"हवा कमी देऊन राहिला तो," भाऊ म्हणाला, आणि जेवू लागला.